शब्दचर्चा: क्रेनचा 'प्री-स्टार्ट चेक', 'वॉर्म-अप', आणि थंडीत ऑइल गोठतं की थिजतं?

धुळेकर:
राम राम मंडळी. मोबाईल क्रेनच्या ऑपरेटरसाठी केबिनमध्ये लावायचं एक पानी मराठी कार्ड करायला घेतलंय, सकाळी काय काय बघायचं आणि थंडीच्या दिवसात काय काळजी घ्यायची एवढंच. मॅन्युअल इंग्लिश आहे, आधी कोणीतरी त्याचं मराठी करून ठेवलंय पण ते वाचवत नाही, 'प्रारंभपूर्व तपासणी', 'द्रवचालित तेलाचे पूर्वतापन', 'स्थिरक पाद' असले शब्द. आमची पोरं कोणी दहावी, कोणी आयटीआय, निम्मे घरी अहिराणी बोलणारे. मला तीन शब्द पाहिजेत. प्री-स्टार्ट चेकला काय लिहू, वॉर्म-अपला काय लिहू, आणि थंडीत हायड्रॉलिक ऑइल घट्ट होतं त्याला 'गोठणे' चालेल का?

जळगाववाला:
प्री-स्टार्ट चेक तसंच ठेवा भो. सगळ्यांना कळतं. उगाच मराठी करायला जाल आणि वाचणारा अडखळेल.

साक्रीचा ऑपरेटर:
भाऊ, शब्द कळतो पण स्टार्ट कशाचं ते कळत नाही, तिथेच घोळ होतो. पोरं समजतात चावी फिरवायच्या आधीचं बघणं म्हणजे प्री-स्टार्ट. मग इंजिन ऑइल बघतात, कूलंट बघतात, टायरला लाथ मारून बघतात, चावी फिरवली की कार्डावर सगळ्या टिका मारून मोकळे. पण अर्ध्या गोष्टी इंजिन चालू झाल्यावरच बघता येतात ना. ब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, हुक वर जाऊन बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकाला लागायच्या आधी थांबवणारा लिमिट स्विच, लोड दाखवणारा डिस्प्ले, हे बंद मशीनवर कसं बघणार? म्हणून माझं म्हणणं सरळ दोन मथळे करा. एक 'चावी फिरवायच्या आधी' आणि दुसरा 'पहिला लोड उचलायच्या आधी'. प्री-स्टार्ट हा एकच शब्द ठेवलात तर दुसरा भाग राहूनच जातो. साइटवर हे रोज दिसतं.

आणि पहिल्या भागासाठी आपला शब्द आहे, 'फेरी मारणे'. मशीनला एक फेरी मार म्हटलं की पोरगं डाव्या पुढच्या टायरपासून सुरू करून पूर्ण गोल येतं, खाली ऑइलचे थेंब पडलेत का, वायर रोपचे तार तुटलेत का, हुकची लॅच परत बसते का, सगळं नजरेखालून जातं. एक गोष्ट मात्र कार्डावर नक्की टाका, हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघायची ती बूम पूर्ण आत आणि पाय, म्हणजे क्रेनला आधार देणारे आउटरिगर, आत असताना. सिलेंडर बाहेर असले की ऑइल त्यात गेलेलं असतं, टाकी कमी दाखवते, पोरगं वरून भरतं आणि सगळं आत घेतलं की ऑइल बाहेर येतं.

धुळेकर:
दोन मथळे एकदम पटले. तुटलेल्या तारांचा काही आकडा लिहू का, का नुसतं 'तार तुटलेले बघा' ठेवू?

साक्रीचा ऑपरेटर:
आकडा लिहा, नाहीतर ज्याला जसं वाटेल तसं. अमेरिकन स्टँडर्डमध्ये चालत्या रोपला एका वेढ्यात, म्हणजे पेड पूर्ण एक वेढा घेतो तेवढ्या लांबीत, इकडेतिकडे विखुरलेले ६ तार किंवा तेवढ्याच लांबीत एकाच पेडात ३ तार तुटले की रोप बदला असं आहे. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तो घ्या. पेड म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, दोराला पेड असतो हे त्याने घरीच बघितलेलं असतं.

शिरपूरकर:
वॉर्म-अपला 'इंजिन तापवा' लिहू नका हां, हात जोडून सांगतो. आपल्याकडे 'गाडी तापली' म्हणजे बिघाड. 'गरम झाली'चंही तेच, पोरगं फोन करून सांगतं भाऊ मशीन गरम झालं, म्हणजे रेडिएटरकडे पळायचं. कार्डावर 'हायड्रॉलिक गरम करा' वाचून नवीन माणूस एकतर घाबरेल नाहीतर जोरात रेस देईल.

जळगाववाला:
मग 'शेक द्या'? इंजिनला शेक द्या.

शिरपूरकर:
नाही नाही, ते तर त्याहून वाईट. हायवेला पहाटे डिझेल टाकीखाली कागद-कापडं पेटवून शेकणारे अजून दिसतात, शेक शब्द वाचला की तेच डोक्यात येणार. टाकीखाली जाळ करायचा नाही ही वेगळी ओळ ठळक अक्षरात टाका उलट.

आमच्याकडे पोरं सकाळी म्हणतात 'मशीन गारठेल शे', म्हणजे मशीन गारठलंय. त्याच्यातूनच घ्या, 'मशीनचा गारठा काढा'. गारठा काढणे म्हणजे थंडी घालवणे, तापवणे नाही, जाळ नाही, रेस देणे नाही. प्रमाण मराठीवाल्यालाही कळेल, अहिराणीवाल्याला तर कळेलच.

धुळेकर:
'गारठा काढा' मस्त बसतंय. त्याच्याखाली कृती काय लिहायची?

साक्रीचा ऑपरेटर:
इंजिन स्लोवर पाच-दहा मिनिटं, रेस नाही. नंतर लोड न लावता एकेक हालचाल सावकाश, बूम थोडा वर थोडा खाली, थोडा बाहेर थोडा आत, हुक खाली-वर, आजूबाजूला मोकळं असेल तर थोडं फिरवणं, दोन-तीन वेळा. मॅन्युअलात मिनिटं वेगळी दिली असतील तर तीच. आणि कान पंपाकडे. ऑइल जाड असलं की पंपाला ते पुरत नाही आणि पंप रडतो, बारीक कुंई असा आवाज येतो, तो जाईपर्यंत लोडला हात लावायचा नाही. इंग्लिशमध्ये याला कॅव्हिटेशन म्हणतात, शब्दकोशात 'पोकळीकरण' मिळेल, पण कार्डावर 'पंप रडत असेल तर थांबा' एवढंच लिहा, ऑपरेटर असंच बोलतो.

अमळनेरकर:
आता 'गोठणे'कडे येतो, कारण तिथे नुसत्या भाषेचा प्रश्न नाही. मराठीत पाणी गोठतं आणि तूप थिजतं. खोबरेलही थिजतं, गोठलं असं कोणी म्हणत नाही. क्रेनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी होतात, त्यांना तीन वेगळे शब्द द्या.

पाणी गोठतं. खान्देशात सपाटीवर पारा शून्यावर येत नाही, पण थंडीच्या लाटेत तोरणमाळला, अक्कलकुव्याकडे मोलगी-डाबच्या भागात दव गोठतं. तिकडे काम असेल तर पायऱ्या, पायदान, काच पुसायची ओळ लिहा. बाकी ठिकाणी नुसतं दव असतं, ओल्या पायदानावरून पाय घसरायला तेवढंही पुरतं.

डिझेल थिजतं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते सुटून फिल्टरवर बसतं. आपल्याकडे आयएस १४६० या मानकात याच्यासाठी हिवाळी आणि उन्हाळी वेगळी मर्यादा आहे. फिल्टर तुंबायला लागतो ते तापमान हिवाळी डिझेलला जास्तीत जास्त ६ अंश, उन्हाळी डिझेलला १८ अंश. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५-६ पर्यंत उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरून ठेवलेलं बॅरल हिवाळ्यात टाकीत ओतलं तर मशीन चालू होऊन थोड्या वेळात बंद पडू शकतं, आणि मग बॅटरीला शिव्या बसतात.

हायड्रॉलिक ऑइल आपल्या थंडीत गोठतही नाही, थिजतही नाही, ते जाड होतं. भुसावळ-जळगावला उन्हाळा ४५ च्या वर जातो म्हणून बरेच जण ६८ नंबरचं ऑइल भरतात. हा ६८ म्हणजे ४० अंशाला किती जाड ते. तेच ऑइल १० अंशाला साधारण पाच-सहा पट जाड झालेलं असतं. तुम्ही कार्डावर 'ऑइल गोठते' लिहिलंत तर पोरगं टाकीच्या काचेतून बघणार, ऑइल हलतंय, गोठलेलं नाही, म्हणजे सगळं ठीक, असं समजून सरळ लोड उचलणार. 'जाड होते' लिहिलंत तर त्याला कळेल की दिसायला पातळ असलं तरी थांबायचंय. म्हणून मी या शब्दावर अडून बसतोय.

धुळेकर:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये उणे २९ च्या खाली क्षमता कमी धरा अशीही ओळ आहे, ती घेऊ का?

साक्रीचा ऑपरेटर:
ती कॅनडा-रशियाकडची थंडी, तिथे लोखंड ठिसूळ होतं म्हणून. खान्देशातल्या कार्डावर जागा अडवू नका. पण त्याच पानावर लोडला झटका देऊ नका असं असेल बघा, ते मात्र घ्या, ते बारा महिने लागू.

नंदुरबारचा रिगर:
मी खालून सिग्नल देणारा माणूस, मला दोन शब्दांची भीती वाटते. पहिला 'काढ'. 'पाय काढ' म्हटलं की एकाला वाटतं आउटरिगर बाहेर काढ, दुसऱ्याला वाटतं काम झालं, उचलून आत घे. दोन्ही अर्थ बरोबर आहेत म्हणूनच धोका. कार्डावर 'पाय पसरा' आणि 'पाय आत घ्या' असंच लिहा आणि बोलताना पण तसंच बोलायची सवय लावा.

दुसरा 'बसला'. 'पाय बसला का?' याचा अर्थ पाय ठोकळ्यावर नीट टेकला का, आणि 'पाय बसला!' याचा अर्थ पाय जमिनीत गेला. हिवाळ्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं, काळी जमीन वरून सुकलेली दिसते आणि एक वीत खाली ओली असते, पवनचक्कीच्या रस्त्याकडेला किंवा शेतातल्या खांबाच्या कामाला आम्ही रोज बघतो. टेकला असेल तर 'टेकला' म्हणा, गेला असेल तर 'धसला' म्हणा. 'बसला' शब्दच बंद करा.

अमळनेरकर:
'धसला' एकदम बरोबर शब्द आहे. हुक खाली-वर करताना तुमच्याकडे काय बोलतात?

नंदुरबारचा रिगर:
जुने खलाशी 'आरिया' म्हणतात, म्हणजे खाली सोड, आणि 'हाबेस' म्हणजे वर घे. नवीन पोरं हाताच्या खुणांवर आणि वॉकीटॉकीवर 'वर', 'खाली', 'थांब'.

अमळनेरकर:
आरिया हा जहाजावरून आलेला शब्द, पोर्तुगीजमध्ये 'आर्रियार' म्हणजे शीड किंवा झेंडा खाली उतरवणे. समुद्र कुठे आणि नंदुरबार कुठे, पण शब्द खलाश्यांबरोबर चालत आला.

धुळेकर:
तो कार्डावर नाही घेत, नव्याला कळणार नाही. आता असं लिहितोय बघा: 'चावी फिरवायच्या आधी एक फेरी मारा. थंडीत ऑइल जाड होते, मशीनचा गारठा काढा, पंप रडत असेल तर थांबा. टाकीखाली जाळ करू नका. पाय पसरा, ठोकळ्यावर टेकले का चारही बाजूंनी बघा. पहिला लोड उचलायच्या आधी ब्रेक, लिमिट स्विच, डिस्प्ले तपासा.'

साक्रीचा ऑपरेटर:
छान झालंय. एकच, 'पहिला लोड' नुसता ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन जागा बदलून उभं केलं तर पाय नव्या जमिनीवर असतात, तिथे परत बघायला लागतं. 'पहिला लोड उचलायच्या आधी आणि जागा बदलली की परत' असं करा.

धुळेकर:
केलं. उद्या लॅमिनेशनला टाकतो.