निरोप, विरह की ताटातूट?

प्रश्न : व्हिक्टोरियन काळातल्या एका प्रसंगाचा अनुवाद करते आहे. लग्न ठरलंय, मुलगा बोटीनं लांब निघालाय, दोघं धक्क्यावर उभी आहेत. 'विरह' लिहिलं, खोडलं. 'ताटातूट' लिहिलं, तेही पटेना. शिवाय 'वाग्दत्त वधू' आजच्या वाचकाला जड जाईल का?

उत्तर : ताई, 'विरह' खोडलात ते बरं केलंत. विरह बोट दिसेनाशी झाल्यावर सुरू होतो. 'ताटातूट'मध्ये कुणीतरी ओढून वेगळं केल्याचा भाव आहे. गाय-वासराची ताटातूट म्हणतो तसा. 'पाठवणी' तर लग्न झालेल्या मुलीची. संस्कृत काव्यशास्त्रात 'प्रवत्स्यत्पतिका' असा नेमका शब्द आहे, जिचा पती प्रवासाला निघण्याच्या बेतात आहे ती. पण त्या शब्दातच 'पती' आहे, ठरलेला नवरा नाही.

मी 'निरोप'च घेईन. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी. आज आपण निरोप घेतो-देतो तसाच तो धाडतो आणि सांगतोही. दुरावणं आणि खबर पोचवणं एकाच शब्दात आलंय, आणि त्या काळातल्या जोडप्यांचं सगळं आयुष्य या दोन अर्थांमध्ये अडकलेलं असे.

पुढे नामवंत जीवशास्त्रज्ञ झालेल्या इंग्रज टॉमस हक्स्लीचंच बघा. रॅटलस्नेक या जहाजावरचा हा साहाय्यक सर्जन 1847 मध्ये सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्नला भेटला आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. जहाज मधूनमधून सर्वेक्षणाला जायचं, म्हणजे लहान लहान निरोप चालूच होते. मोठा निरोप मे 1850 चा. जहाज इंग्लंडला परत निघालं, ती सिडनीतच राहिली. पत्र पोचायला महिनोन् महिने. ऑस्ट्रेलियाला इंग्लंडशी जोडणारी तार 1872 ची. इकडे हक्स्ली 1851 मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा फेलो झाला, 1852 मध्ये पदकही मिळालं, पण संसार चालेल अशी पगाराची जागा मिळाली ती 1854 मध्ये. 1855 मध्ये ती इंग्लंडला आली आणि जुलैत लग्न झालं. पाच वर्षं! एका पत्राचं उत्तर हाती पडेपर्यंत विचारणाऱ्याची परिस्थितीच पालटलेली असणार, हा विचार मला फार लागतो.

'वाग्दत्ता' मात्र ठेवाच. वाचेनं दिलेली, असा तो शब्द. इंग्लंडमध्ये त्या काळी लग्नाचं वचन मोडलं तर कोर्टात भरपाईचा दावा लावता येई, आणि कायद्यातली ती सोय 1970 पर्यंत टिकली. दिलेल्या शब्दाला इतकं वजन असलेल्या समाजासाठी 'साखरपुडा झालेली' फार घरगुती वाटतं. त्याला मात्र 'वाग्दत्त वर' म्हणू नका, कारण वाचेनं देतात ती कन्या. तो 'नियोजित वर'.

प्रश्न : पटलं. मग त्याच्या तोंडी 'जातो' की 'येतो'? 'येतो' म्हटलं तर इंग्रज माणूस एकदम मराठी होईल अशी भीती वाटते.

उत्तर : 'येतो'च लिहा. 'जातो' म्हणून बोटीवर चढलेला माणूस मराठी कानाला परत न येणाराच वाटतो. आणि क्रियापदं सांभाळा : तो निरोप घेईल, ती देईल. पुढे पत्रांचा भाग आला की 'त्याचा निरोप आला' असं एकदा तरी लिहा. धक्क्यावरचा शब्द वाचकाला आपोआप आठवेल.