मदत हवी आहे: भाड्याच्या घरात भिंतीला ओल आणि काळी बुरशी

आम्ही डोंबिवलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. पाऊस लागला की बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे फार काळजी वाटते.

ओल खोलीतल्या दमट हवेची की भिंतीतून येणारी, हे बघायला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाणी भिंतीकडच्या बाजूला होतं, म्हणजे बाहेरूनच मुरतंय. मालक म्हणतात, रंग मारून घ्या. ओल्या भिंतीवर रंग टिकणार कसा? सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) पावसाच्या पाण्याची बाहेरची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, पण आमच्या सोसायटीत भाडेकरूचा अर्जच घेत नाहीत. सोसायटीकडे अर्ज द्यायला आपल्या मालकांना कुणी कसं तयार केलं?

आणि बाहेरचं काम पाऊस उघडल्यावरच होणार. तोवर काय करावं? कोरडी खरवडली तर बुरशी घरभर उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसतेय. कपाट वीतभर पुढे ओढलंय. ब्लीचचा वास सासूबाईंना अजिबात सोसत नाही. डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) कुणी वापरत असेल तर वीजबिलासकट अनुभव सांगा, प्लीज.