पाय म्हणजे नक्की काय? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

मेधा, बी-२०३: ग्रुपवर गणितातलं कोणी आहे का? स्वराला वर्तुळाचा परिघ शिकवलाय. एका उदाहरणात पायची किंमत २२/७ घ्या म्हटलंय, दुसऱ्यात ३.१४. ती विचारतेय की खरी कुठली, आणि मुळात हा आकडा आला कुठून? नुसतं सूत्र पाठ करायला ती तयार नाही.

नाना, ए-५०१: पाठ करूच देऊ नका. तिला सायकल आणि शिवणाची टेप घेऊन पार्किंगमध्ये पाठवा. स्वरा, मागच्या टायरवर खडूने खूण कर आणि तिच्या बरोबर खाली फरशीवर एक रेघ मार. सायकल सरळ ढकलत ने. खूण परत खाली टेकली की तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा परिघ. मग चाक मधोमध आडवं मोज, टायर धरून, तो व्यास. परिघाला व्यासाने भाग आणि काय येतं ते कळव. सायकलवर बसू नकोस, वजनाने टायर दबतो आणि अंतर कमी भरतं.

मेधा, बी-२०३: गेली. दादाचीही सायकल घेऊन गेलीय.

मेधा, बी-२०३: मोठ्या सायकलचा व्यास ६६ सेंमी, परिघ २०७. छोटीचा व्यास ५०, परिघ १५७. दोन्ही भागाकार ३.१४ च्या आसपास. आता म्हणतेय, चाकं वेगळी तर उत्तर सारखं कसं?

मुग्धाताई, सी-१०४: शाब्बास स्वरा, सगळं या प्रश्नातच आहे. आयत लांबट असतो, बुटका असतो, त्याचे हजार प्रकार. वर्तुळाचा प्रकार एकच, ते फक्त लहान किंवा मोठं होतं. व्यास दुप्पट झाला की परिघही दुप्पट होतो, म्हणून भागाकार जागचा हलत नाही. त्या भागाकाराचं नाव पाय. बांगडी घे, विहीर घे, तोच येणार.

आता तो तीनाच्या थोडा वरच का, तेही बघ. कर्कटकाने वर्तुळ काढ. कर्कटक तेवढंच उघडं ठेवून परिघावर एकापुढे एक खुणा करत जा. बरोबर सहा बसतात. खुणा पट्टीने जोडल्यास की षटकोन होतो. त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे सहा बाजू मिळून तीन व्यास. वर्तुळाची कड या सरळ बाजूंच्या बाहेरून वळून जाते, म्हणून परिघ तीन व्यासांपेक्षा जास्तच असणार. बाहेरून वर्तुळाला टेकणारा चौरस काढलास तर त्याची परिमिती चार व्यास, आणि परिघ त्याहून कमी. पाय तीन आणि चारच्या मध्ये सापडला की नाही? प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजने हेच केलं. आतल्या आणि बाहेरच्या बहुभुजाकृतींच्या बाजू वाढवत ९६ पर्यंत नेल्या आणि दाखवून दिलं की पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान आहे.

अनिकेत, ए-३०२: म्हणजे २२/७ ही फक्त वरची मर्यादा? मी शाळेपासून तीच खरी किंमत समजत आलोय.

मुग्धाताई, सी-१०४: हो, मर्यादाच. पाय म्हणजे ३.१४१५९२६… आणि पुढे न संपता, तेच तेच अंक फिरून न येता चालूच. २२/७ म्हणजे ३.१४२८…, जरा जास्त. ३.१४ जरा कमी. दोन्हींत २२/७ जवळची आहे, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. कुठल्याच अपूर्णांकात पाय पूर्ण बसत नाही, हे लँबर्ट नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केलं. उदाहरणात त्रिज्या ७, १४, २१ अशी दिसली तर २२/७ घे, भागाकार सुटतो. त्या त्रिज्या त्यासाठीच निवडलेल्या असतात.

नाना, ए-५०१: लीलावतीतही दोन किमती आहेत. भास्कराचार्य म्हणतात, बारीक हिशेबाला ३९२७/१२५० घ्या, रोजच्या व्यवहाराला २२/७ चालेल. पहिली किंमत ३.१४१६ भरते. आर्यभटाने ४९९ मध्ये व्यास २०,००० असेल तर परिघ सुमारे ६२,८३२ असं सांगितलं होतं, ते प्रमाणही हेच. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला, ते त्यात लिहिलंय. मुलांना एकदा तिथे न्यायलाच हवं.

मी आयुष्यभर लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या यंत्रावर, पाय वापरला. ५० मिमी व्यासाचा जॉब (तो धातूचा तुकडा) ४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४०० फेऱ्यांनी फिरत असेल तर कटिंग स्पीड, म्हणजे कापणाऱ्या टूलसमोरून धातू सरकण्याचा वेग, पाय × ५० × ४०० ÷ १००० (मिमीचे मीटर करायला), म्हणजे मिनिटाला जवळजवळ ६३ मीटर. जाड जॉब लावून आरपीएम तोच ठेवला तर टूल जळतं, कारण एका फेरीत धातूची जास्त लांबी टूलसमोरून जाते.

सेक्रेटरी: वाचतोय सगळं. मग बागेच्या ट्रॅकचंही सांगा. आतल्या कडेने चालणारे आणि बाहेरच्या कडेने चालणारे, दोघांच्या फेऱ्या सारख्या धरायच्या का? बागेचा व्यास २० मीटर, भोवती ट्रॅक २ मीटर रुंद.

मेधा, बी-२०३: स्वराने काढलं. आतून ६२.८ मीटर. बाहेरून व्यास २४ होतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढले म्हणून. ७५.४ मीटर. एका फेरीत साडेबारा मीटरचा फरक!

मुग्धाताई, सी-१०४: बरोबर. आणि बाग दोनशे मीटरची असती तरी फरक एवढाच आला असता. तो फक्त ट्रॅकच्या रुंदीवर ठरतो, दोन पाय गुणिले रुंदी. ४०० मीटर शर्यतीत बाहेरच्या लेनचे धावपटू पुढे उभे असतात ते याचसाठी.

अनिकेत, ए-३०२: हे टीव्हीवर कितीदा पाहिलंय, कारण आज कळलं.

सेक्रेटरी: मग बोर्डवर असं लिहू: १ किमीसाठी आतल्या कडेने १६ फेऱ्या, बाहेरच्या कडेने सव्वातेरा. रविवारी पेंटर येतोय.

नाना, ए-५०१: त्याआधी मी आणि स्वरा टेप घेऊन जातो. बाग दोन-तीन दिशांनी आडवी मोजायला हवी. एकीकडे २० आणि दुसरीकडे १९ भरली तर ते वर्तुळच नाही. मग कडेला दोरी लावूनच मोजावं लागेल.