मदत हवी आहे: बोलणारा नकाशा ज्युरीपुढे कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहोत, चौघांची टीम. लाकडी फळीवर सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा नकाशा केलाय. रायगड, राजगड, तोरणा, कुठेही बोट ठेवलं की त्या किल्ल्याची गोष्ट ऐकू येते. आत आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एमपीआर१२१ टच सेन्सर (१२ स्पर्शबिंदू) आणि एमपी३ मॉड्यूल.

पुठ्ठ्याच्या पहिल्या मॉडेलवर मुलं किल्ल्याचा ठिपका सोडून थेट त्याच्या नावावरच बोट ठेवत होती. म्हणून आता नावाखालीच स्पर्श ओळखणारी तांब्याची पट्टी आहे. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टचा जीव यातच आहे, पण ए३ बोर्डवर ते दाखवायचं कसं? आधी-नंतरचे फोटो फारच कोरडे दिसतात. व्हिडिओतल्या मुलांचे चेहरे दाखवायचे तर पालकांची लेखी परवानगी लागेल ना?

दुसरं, डेमो. चार्जर लावला की कुणी हात न लावताच तोरणा बडबडायला लागतो, बॅटरीवर मात्र शहाण्यासारखा वागतो. मग पॉवर बँकवर लाइव्ह डेमो द्यावा, की आधी रेकॉर्डिंग दाखवून मग ज्युरीला हात लावू द्यावा? एक जण म्हणतो आधी पीपीटी. मला ते पटत नाही.

वायरिंगची आकृती आणि कोड रिपोर्टमध्ये कुठे टाकता, तेही सांगा. कुणाचा जुना रिपोर्ट बघायला मिळाला तर फारच छान!