नवीन ऑटोमॅटिक पाणी मीटर पाणी यायच्या आधीच फिरतं, कुणाला अनुभव?

तिसरा_मजला
गेल्या महिन्यात आमचं जुनं मीटर काढून नवीन एएमआर मीटर बसवलं, बसवणारा मुलगा म्हणाला आता रीडिंगवाला काच पुसत बसणार नाही, रस्त्यावरूनच रेडिओवर रीडिंग घेतील. चांगलंय की. पण आमच्याकडे पाणी येतं सकाळी फक्त दीड तास, आणि काल मी नळ उघडला तर पाच मिनिटं नुसती फुस्स फुस्स हवा, थेंब नाही, मुलाला खाली मीटरपाशी उभं केलेलं तर तो ओरडतोय आई फिरतंय फिरतंय! बिल ३१ युनिटचं आलंय, आधी १४-१५ यायचं, माणसं तीच चार. हवेचे पैसे भरायचे का आम्ही? सासूबाई म्हणतात जुनंच परत लावायला सांग.

कराडकर
ताई, हवेने फिरतं हे खरंय. आतल्या पंख्याला पाणी काय न् हवा काय, ढकललं की फिरतो. एएमआर म्हणजे आकडा पाठवणारं यंत्र, मोजणारा पंखा बऱ्याच मीटरात तोच जुन्यासारखा. आमच्या शेजारी मलकापूरला हीच मीटर आहेत, पण तिथे चोवीस तास पाणी, लाइन कायम भरलेली, हवा शिरणार कुठून? दीड तास पाणी देऊन असं मीटर लावायचं हा अन्याय आहे, स्पष्ट सांगतो.

प्लंबर_काका
हवा जाते बरोबर, पण नुसत्या हवेने बिल दुप्पट झालेलं मी तरी पाहिलं नाही. माणशी १३५ लिटर धरा, चौघांचे दिवसाला ५४०, महिन्याला साधारण १६ युनिट. (१ युनिट म्हणजे १००० लिटर.) आणि झिजलेलं जुनं मीटर कमी दाखवतं, तेही लक्षात घ्या. आज रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या रेघेवर खडूने खूण करा, सकाळी पाणी यायच्या आत बघा. मग पाणी नीट चालू झालं की २० लिटरची बादली दहा वेळा भरा, घरातला दुसरा कुठलाच नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह चालू नको, मीटर २०० लिटरच्या आसपास सरकलं पाहिजे. फारच फरक आला तर मीटर तपासून द्या म्हणून लेखी अर्ज करा, पोच घ्या.

सोसायटी_सेक्रेटरी
आणि दर १ तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा, बिलावरचं रीडिंग त्याच्याशी ताडून बघता येतं. आम्ही इमारतीच्या लाइनवर एअर व्हॉल्व्ह बसवून घेतला, हवा मीटरच्या आधीच बाहेर जाते. मात्र परवानगी काढूनच करा.

तिसरा_मजला
काका, खूण चार बोटं खाली गेली हो रात्रीत! फ्लशचा वॉशर गेलाय, आवाज पण नाही, कमोडच्या आतल्या भिंतीला हात लावला तेव्हा पाण्याची बारीक धार लागली. बादल्या मोजल्या, २०४ लिटर आलं, म्हणजे मीटर ठीक. सासूबाईंना दाखवलं. पण हवेचा अर्ज मी देणारच, उद्या सहाला व्हिडिओ काढते.