हिरण्यकेशी नदीत रात्री टँकर रिकामा होतोय. नमुना कसा घ्यायचा, तक्रार कुठं?

काठावरचा: हद्दीपलीकडं, महाराष्ट्राच्या बाजूला, पुलाखालच्या ओघळीत टँकर सोडतात. दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यात पाणी कोऱ्या चहासारखं, मळीचा आंबूस वास, पहाटे मासे तोंड वर काढून. आपण घेतलेला नमुना चालतो का? तक्रार बेळगावला करायची की कोल्हापूरला?

पाणीतपासनीस: पहाटेच का, ते आधी बघा. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री खातं. सूर्योदयाआधी तो सगळ्यात कमी. नमुना तेव्हाच घ्या. दुपारी घेतला की आकडा झकास येतो आणि तक्रार फसते.

जागा तीन: ओघळीच्या 100 मीटर वर, ओघळ मिळते त्याच्या खाली, आणि बंधाऱ्यात. वरचा नमुना नसेल तर 'नदी आधीच घाण होती' हे उत्तर ठरलेलं. बीओडीसाठी (घाण कुजताना पाणी किती प्राणवायू मागतं, तो आकडा) 2 लिटरचा कॅन त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, 24 तासांत लॅबला पोचवा. डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची, काचेची बाटली वेगळी. बुडबुडा न ठेवता भरून रसायनं जागेवरच घालायची. घरी नेऊन मोजलेला डीओ कचऱ्यात टाका.

डिस्टिलरीचं मळीचं कच्चं सांडपाणी असेल तर बीओडी लिटरला 40,000 मिलिग्रॅम सहज. नदीत सोडायची मर्यादा 30. म्हणजे 10,000 लिटरचा एक टँकर 400 किलो प्राणवायू मागतो. लिटरला 7 मिलिग्रॅम धरा, साडेपाच कोटी लिटरहून जास्त पाण्यातला!

सातबारा: तुमचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाला हलवण्यापुरता. खटल्याला जल कायदा 1974, कलम 21 प्रमाणं मंडळानं घेतलेला, सील केलेलाच लागतो. अर्ज एकाच दिवशी दोन्ही राज्य मंडळांना, प्रत केंद्रीय मंडळाला. राज्यांच्या मंडळांमधला वाद सोडवणं कलम 16 नं केंद्रीय मंडळाकडं आहे. नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. हरित लवाद महाराष्ट्राला पुणे, कर्नाटकाला चेन्नई. नुकसान आपल्या हद्दीत, म्हणून चेन्नईलाही जाता येतं. मुदत 6 महिने, ती जपा.

काठावरचा: तोवर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून घाण जाऊ द्यावी काय?

पाणीतपासनीस: सगळे नको. वरचे एक-दोन काढा, पडताना पाण्याला हवा मिळते. तळातले काढलात की काळा गाळ एका दमात घटप्रभेकडं, आणि खालच्या गावांचे मासेही जातील.