हेझी आयपीएसाठी दोन जातींचे हॉप्स पुरेत

सिएटलकर:
गेल्या तीन वर्षांत घरी अठरा हेझी आयपीए, म्हणजे गढूळ, फळांच्या वासाच्या बियर केल्या. सुरुवातीला हॉप्सच्या, म्हणजे बियरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, चार-पाच जाती एकत्र टाकायचो: सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी, सॅब्रो, वर थोडा एल डोराडो. ग्लास नाकाशी नेला की फळांचा नुसता गलका, पण एकाही फळाचं नाव घेता येत नसे. आता माझं मत पक्कं झालंय. दोनच जाती घ्याव्यात, त्याही तीनास एक प्रमाणात. माझी जोडी सिट्रा आणि नेल्सन सॉव्हिन. सिट्रा लिंबू, आंबा, लिचीकडे जातो. न्यूझीलंडचा नेल्सन पांढऱ्या वाइनसारखा, आंबटसर. तो सोबत असला की सिट्राचा गोडवा मिळमिळीत लागत नाही. सॅब्रोचं तर नावच काढू नये, त्यातला नारळ बाकी सगळ्यांवर चढून बसतो.

ड्राय हॉपही (वर्ट उकळून झाल्यावर, फक्त वासासाठी घातलेले हॉप्स) 19 लिटरला 300 ग्रॅमवरून 150वर आणलाय. पूर्वी पहिल्या घोटालाच घसा खवखवायचा.

ओरेगॉनी:
150ला माझा पाठिंबा. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने कॅस्केडवर केलेला अभ्यास 2018मध्ये आला. लिटरमागे 8 ग्रॅमच्या पुढे फळांचा वास फारसा वाढत नाही, चहा आणि पाल्याचा वाढतो, असं त्यात दिसलं. हिशेब तुमच्याच आकड्याशी जुळतो.

जोडी मात्र मला पटत नाही. दुकानातल्या प्रत्येक दुसऱ्या कॅनवर सिट्रा असतो. घरी एवढा खटाटोप करून तीच चव काढायची? 1972मध्ये आलेला कॅस्केड घ्या. पेरू आणि पॅशन फ्रूटच्या वासात जो थ्रीएमएच नावाचा वासाचा घटक असतो, तो कॅस्केडमध्ये भरपूर आहे, पण बांधलेल्या, वास न येणाऱ्या रूपात. हॉप्स मॅशमध्येच, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत असतानाच घाला आणि तो बंध तोडणारं यीस्ट वापरा. स्वस्तातल्या हॉपमधून असा पेरू निघतो की लोक जात ओळखू शकत नाहीत.

सिएटलकर:
तो प्रयोग मी केलाय. पेरू आला, पण फक्त पेरूच. आणि ते श्रेय यीस्टचं, हॉपचं निम्मंच.

यीस्टवेडी, न्यू जर्सी:
तुम्ही दोघं जातीवरून भांडताय, आणि पाकिटावरचं वर्ष कोणीच बघत नाही! वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या खोऱ्यात हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, न्यूझीलंडला फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. दिवाळीत आपण ताजा हापूस शोधतो का? मग जुन्या तोडणीच्या नेल्सनवर मत कसं बनवायचं? मी शरदात सिट्रा-मोझॅकची बियर करते, उन्हाळ्यात नेल्सनची.

तोडणी आधीची की उशिराची, यानेही फरक पडतो. मोझॅकची दोन पाकिटं घेतली होती, वर्ष एकच. एकाला ब्लूबेरीचा सुंदर वास, दुसऱ्याला सरळ लसणाचा. मोझॅक आणि त्याची आई सिमको, दोन्ही उशिरा तोडले की कांदा-लसणाकडे झुकतात. नावावर विसंबून पाककृती लिहिणं मी तेव्हापासून सोडलं.

सिएटलकर:
हंगामाचं एकदम मान्य, मीही यापुढे वर्ष बघूनच घेईन. पण तुमच्या लसणानं माझीच बाजू भक्कम होते. दोनच जाती असतील तर पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चुरून वास घेताना खराब पाकीट लगेच कळतं. पाच पाकिटं फोडली की नाक तिसऱ्यालाच थकतं, आणि लसूण सापडतो तो केगमध्ये, तयार बियरच्या पिंपात.

ओरेगॉनी:
उलट आहे. मोठ्या ब्रुअरीज याकिमाला जाऊन, वास घेऊन आपापला माल निवडतात. आपल्याला जे पाकीट येईल ते घ्यावं लागतं. तीन-चार जाती असतील तर एका खराब पाकिटानं अख्खी बॅच बुडत नाही. निवडीची सोय नसणाऱ्यानं मिश्रणच करावं.

यीस्टवेडी, न्यू जर्सी:
खराब पाकीट टाकायचंच कशाला? फेकून द्या. ऑक्टोबरात नवा माल आला की एकाच वर्टचे (न आंबवलेल्या माल्टच्या काढ्याचे) दोन फर्मेंटर, म्हणजे आंबवायची भांडी, लावा, एकात सिट्रा-नेल्सन, दुसऱ्यात कॅस्केड. यीस्ट मात्र दोन्हीकडे एकच.

ओरेगॉनी:
यीस्ट एकच चालेल, पण ते बंध तोडणारं हवं. आणि कॅस्केड मॅशमध्ये घालायचा तर वर्टही वेगळाच काढावा लागेल. मी दोन्ही काढायला तयार आहे.

सिएटलकर:
ते यीस्ट दोन्हीकडे घातलंत तर माझ्या नेल्सनवरही पेरू बसेल. मी माझं नेहमीचंच घालणार.